‘थिंग्ज फॉल अपार्ट’: पडवीतल्या पंचवीस संध्याकाळी

नायजेरियाचे लेखक चिनुआ अचेबे यांची ही कादंबरी मी याआधी दोनदा वाचली होती. एकदा एम.ए.ला, परीक्षेपुरती. एकदा शिक्षिका झाल्यावर, आवडीनं. या पावसाळ्यात तिसऱ्यांदा वाचली ती मोठ्यानं, आणि मराठीतून. बाबांना काचबिंदूमुळे आता अक्षर दिसत नाही. ऐंशी पार केलेला शेतकरी माणूस, पेपर आणि पोथीपलीकडे फारसं वाचन नाही, पण गोष्ट ऐकायला बसले की जेवणाची आठवण राहत नाही. दिवेलागण झाली की पडवीत बसायचं, इंग्रजी वाक्य डोळ्यांनी वाचायचं आणि तोंडानं मराठीत सांगायचं. पुस्तकाची प्रकरणं पंचवीस, आमच्या संध्याकाळीही पंचवीस.

आधी प्रतीबद्दल सांगते, कारण त्यात मी फसले. ऑनलाइन मागवलेली पहिली प्रत उघडउघड नकली निघाली. अक्षरं पुसट, समास इतका कमी की ओळी शिवणीत गेलेल्या, आणि सगळ्यात वाईट म्हणजे कादंबरीतल्या लोकांच्या भाषेतल्या, म्हणजे इग्बो शब्दांचं स्पेलिंग दर पानावर वेगळं. इंग्रजी शब्द चुकला तर वाचणारा सुधारून घेतो. पण जो शब्द आयुष्यात पहिल्यांदा दिसतोय तो चुकीचा छापला, तर चुकीचाच डोक्यात बसतो. ती परत केली आणि पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळ जुन्या पुस्तकांत एक मळकी पण नीट छापलेली प्रत मिळाली. तिच्या शेवटी इग्बो शब्दांची सूची आहे. त्या सूचीबद्दल पुढं बोलायचंच आहे.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. आजच्या नायजेरियाच्या आग्नेय भागात उमुओफिया नावाचा नऊ गावांचा समूह. काळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा. ओकोन्क्वो हा नावाजलेला पैलवान आणि कष्टाळू शेतकरी. बाप उनोका बासरी वाजवणारा, कर्जबाजारी, म्हणून मुलाच्या मनात बापासारखं होण्याची भीती. पहिल्या तेरा प्रकरणांत गोरा माणूस जवळजवळ नाहीच, शेती, लग्नं, कुस्त्या, देव आणि भांडणं आहेत. मग मिशन येतं, पाठोपाठ कोर्ट येतं, आणि शेवटी ओकोन्क्वो स्वतःच्या हातानं संपतो. पुस्तक १९५८ साली लंडनमध्ये हाइनेमननं काढलं, तेव्हा अचेबे २७ वर्षांचे होते. आज ते पन्नासहून जास्त भाषांत गेलं आहे.

अडचण पहिल्याच आठवड्यात आली, शब्दांची. ओकोन्क्वोची सगळी दौलत म्हणजे ‘याम’. कोशात बघितलं तर सुरण किंवा रताळं. मी ‘सुरण’ म्हणून पुढं चालले. दोन दिवसांनी लावणीचं वर्णन आलं. मातीचे उंच ढीग करायचे, बियाण्याचे तुकडे पुरायचे, वेल फुटला की आधी लहान काठ्या आणि मग झाडाच्या मोठ्या फांद्या आधाराला द्यायच्या. बाबांनी मध्येच थांबवलं. “सुरणाला वेल कुठं असतो गो बाय? हे कोनफळ.” आमच्या परसात कुंपणाच्या सावरीवर तेव्हा कोनफळाचा वेल चढलेला होता. बरोबर होतं त्यांचं. जात वेगळी असेल, घराणं तेच. मग पुस्तकात आलं की याम हे पुरुषाचं पीक, आणि बायका लावतात त्या शेंगा, कसावा आणि कोको-याम. कोको-याम म्हणजे आमची अळकुडी. बाबा म्हणाले, “आपल्याकडंही अळू बायकांचंच. परसातलं.” त्या दिवसापासून उमुओफिया त्यांना लांबचं वाटेनासं झालं.

तरुण ओकोन्क्वो बियाणं मागायला न्वाकिबी नावाच्या धनिकाकडं जातो. न्वाकिबी म्हणतो, तुला दोनदा चारशे देतो. इंग्रजीत हे वाक्य विचित्रच वाटतं, सरळ आठशे का नाही म्हणत? एम.ए.ला मला हे जाणवलंसुद्धा नव्हतं. इग्बो मोजणी विसाच्या पटीत चालते, आणि वीस विसा म्हणजे चारशे, त्याला ‘न्नू’ असा स्वतंत्र शब्द आहे. म्हणजे न्वाकिबी इग्बोतच बोलतोय, फक्त अक्षरं इंग्रजी आहेत. बाबांना हे समजावून सांगावं लागलं नाही. त्यांच्या आईनं आयुष्यभर विसांत मोजलं, आणि हर्णैच्या बंदरावर मासळी कोडीनं मोजलेली त्यांनी पाहिली आहे. त्यांना खटकलं ते दुसरंच. असं बियाणं उसनं घेऊन पिकवलं की कसणाऱ्याच्या हाती पिकाचा तिसरा हिस्सा राहतो. “आपल्याकडं अर्धेल तरी होती,” म्हणाले, आणि त्यांच्या बापाच्या काळातल्या खोताची एक आठवण निघाली. त्या संध्याकाळी प्रकरण अर्धंच झालं.

ही कादंबरी वाचताना आपण इंग्रजी वाचत असतो असं वाटतं, पण खाली दुसरी भाषा वाहत असते. माझ्यासाठी या पुस्तकाची सगळ्यात मोठी किंमत तीच आहे, आणि ती मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, तोंडानं मराठी करताना कळली. इंग्रजी कादंबरीचं असं बोलता बोलता मराठी करायला गेलं की वाक्यं उलटीपालटी करावी लागतात, जीभ अडखळते. इथं तसं झालं नाही. पाहुणा येतो, यजमान कोला नावाची बी पुढं करतो, ती कोणी फोडायची यावर ‘तुम्ही फोडा’, ‘छे, तुम्हीच’ असा आग्रह चालतो, पूर्वजांना प्रार्थना होते, मग पीकपाण्याच्या गप्पा, आणि खूप वेळानं, पाच-सहा म्हणी टाकून झाल्यावर, पाहुणा हळूच उसन्या कवड्यांचा विषय काढतो. पानसुपारी पुढं सरकवून कामाचं बोलणं शेवटी काढणाऱ्या घरात हे सांगताना मला एकही शब्द शोधावा लागला नाही.

एक मात्र अडला. इग्बो लोकांत म्हणींना फार मान, असं सांगताना अचेबे लिहितात की म्हणी म्हणजे पामतेल, त्याच्याबरोबर शब्द खायचे. मी जसंच्या तसं सांगितलं. बाबांचा चेहरा पडला. त्यांच्यासाठी पामतेल म्हणजे रेशनचं पामतेल, कार्डावर मिळायचं ते, गरिबीची खूण. पटकन मी म्हणाले, समजा, साजूक तूप. ते समाधानानं हसले. पण मला रात्रभर चैन पडलं नाही. दुसऱ्या दिवशी मी मागं गेले आणि सांगितलं की ते तूप नाही, पामतेलच आहे. तिकडच्या ताडासारख्या झाडाच्या लाल फळांतून घरी काढलेलं, दाट, कुंकवासारख्या रंगाचं, वासाचं. त्या घरात त्याच्याशिवाय कालवण होत नाही. आपल्याकडं आलं ते कारखान्यात रंग-वास काढून टाकलेलं. बाबा थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “मग त्यांचं तेल आपल्याला पुसून दिलं म्हणायचं.” तूप हा शब्द घालून मीही तेच करत होते. त्यानंतर ची, ओबी, ओग्बान्जे हे शब्द आले तेव्हा मी एकाचंही मराठी केलं नाही. अचेबेंनीही वाचकासाठी कथेत थांबून त्यांचा अर्थ फारसा सांगितलेला नाही. ओघात कळतो.

आता ती शब्दसूची.

दहाव्या प्रकरणात न्यायनिवाडा आहे. ढोल वाजतात आणि नऊ ‘एग्वुग्वू’ प्रकट होतात, नऊ गावांचे नऊ पूर्वज, अंगभर ताडाच्या पात्यांचे धागे, तोंडावर भयंकर मुखवटे. नवराबायकोचं भांडण त्यांच्यापुढं येतं. आणि अचेबे जाता जाता लिहून जातात की ओकोन्क्वोच्या बायकांच्या कदाचित ध्यानात आलं असेल की दुसऱ्या एग्वुग्वूची उसळती चाल ओकोन्क्वोसारखी आहे, आणि वडीलधाऱ्यांच्या रांगेत ओकोन्क्वो बसलेला नाही. पण आलं असलं तरी त्यांनी ते मनातच ठेवलं.

बाबा एकदम सावरून बसले. शिमग्यात आमच्याकडं संकासूर निघतो. काळा पोशाख, उंच टोकदार टोपी, कमरेला घुंगरं. “आत कोण आहे ते अख्ख्या वाडीला ठाऊक असतं,” बाबा म्हणाले, “पण त्याला त्या दिवशी नावानं हाक मारायची नाही. त्या दिवशी तो, तो नसतो.”

मी सूची उघडली. तिथं एग्वुग्वूचा अर्थ दिलाय तो असा, की गावच्या पूर्वजांच्या आत्म्याचं सोंग घेणारा मुखवटेधारी. सोंग! बायकांनी जे मनात ठेवलं ते सूचीनं एका ओळीत बोलून टाकलं. पुढं बाविसाव्या प्रकरणात एनॉक नावाचा नवा ख्रिस्ती भर उत्सवात एका एग्वुग्वूचा मुखवटा ओढून काढतो. गावाच्या दृष्टीनं तो खून आहे. त्या रात्री आत्म्यांची आई मारल्या गेलेल्या मुलासाठी गावभर रडत फिरते. एनॉकनं हातानं केलं ते सूची शब्दांनी करते, असं माझं ठाम मत आहे. अशीच गत ‘इलो’ची. गावानं एकत्र जमायची जागा, आमच्याकडं सहाणेसमोरचं पटांगण. सूचीत त्याचं झालंय इंग्लंडच्या खेड्यातलं हिरवळीचं मैदान. म्हणून ज्यांच्या प्रतीत सूची आहे त्यांना माझं सांगणं, पहिल्या वाचनात ती उघडू नका. एकच नोंद जरूर बघा, ‘कोटमा’. हा इग्बो शब्द नाही, ‘कोर्ट मेसेंजर’चा गावानं केलेला उच्चार आहे. आपल्याकडं लॉर्डचा लाट झाला आणि प्लटूनची पलटण झाली तसा. खाकी, राखेच्या रंगाच्या चड्ड्या घालणाऱ्या या शिपायांना गाव ‘राखी ढुंगणवाले’ म्हणतं आणि तुरुंगात गवत कापणारे कैदी त्यांच्यावर गाणी रचतात.

वसाहतवादाचा संस्कृतीवर परिणाम, असं आम्ही परीक्षेत दहा मार्कांना लिहायचो. पुस्तकात तो परिणाम दुभाष्याच्या तोंडून सुरू होतो. एम्बान्ता गावात गोरा मिशनरी भाषण करतो आणि त्याचा दुभाषा दुसऱ्या भागातला इग्बो आहे. त्याच्या बोलीमुळे ‘मी स्वतः’च्या जागी दरवेळी ‘माझं ढुंगण’ ऐकू येतं. गाव खो खो हसतं. बाबाही हसले, खोकला लागेपर्यंत. मग विसावं प्रकरण आलं. सात वर्षांच्या हद्दपारीनंतर परतलेला ओकोन्क्वो मित्राला, ओबिएरिकाला विचारतो की गोऱ्या माणसाला जमिनीबाबतचा आपला रिवाज कळतो का. ओबिएरिका म्हणतो, कसा कळेल, त्याला आपली भाषासुद्धा येत नाही. पण तो आपल्या चालीरीती वाईट आहेत असं म्हणतो, आणि आपलेच भाऊ आता तसं म्हणतात. जमिनीच्या एका तंट्यात कोर्टानं निकाल दिलाय, कोटमा आणि दुभाष्याला पैसे चारणाऱ्या घराच्या बाजूनं. आधी हसवणारा दुभाषाच आता माणसं फासावर पोचवतो. हे वाचताना बाबा हसले नाहीत. जमिनीच्या केसपायी कोर्टाच्या खेपा घातलेल्या माणसाला यात समजावण्यासारखं काही नव्हतं.

अबामे गावाची कथा तर घडलेल्या गोष्टीवर बेतलेली आहे. कादंबरीत सायकलवरून आलेल्या एकट्या गोऱ्याला गाव मारतं आणि त्याचा ‘लोखंडी घोडा’ झाडाला बांधून ठेवतं. मग बाजाराच्या दिवशी फौज येऊन गाव संपवते. १९०५ साली अहियारा इथं एक इंग्रज डॉक्टर असाच मारला गेला होता आणि इंग्रजांनी त्याचा सूड म्हणून मुलखावर मोहीम नेली होती.

अचेबे आपल्या समाजाला सोवळा ठरवत नाहीत, म्हणून मी त्यांच्यावर विश्वास ठेवते. इकेमेफुना हा ओलीस ठेवलेला पोरगा तीन वर्षं ओकोन्क्वोच्या घरात वाढतो, त्याला बाप म्हणतो, आणि देवाच्या कौलानं त्याला मारायचं ठरतं तेव्हा भित्रा दिसू नये म्हणून ओकोन्क्वो स्वतः घाव घालतो. ते वाचताना माझाच आवाज फुटला. जुळी मुलं रानात टाकून देतात. ओकोन्क्वो बायकांना मारतो, एकीवर तर बंदूकही रोखतो, आणि कथा त्या बायकांजवळ हवा तेवढा वेळ थांबत नाही, ही माझी तक्रार आहे. एक्वेफी आणि तिची मुलगी एझिन्मा यांची रात्रीची वाटचाल एवढी सुंदर आहे की त्या बाईवरच अर्धं पुस्तक हवं होतं असं वाटत राहतं.

आणि ओसू. देवाला वाहिलेले, पिढ्यानपिढ्या बाहेर ठेवलेले लोक. त्यांनी गावसभेत यायचं नाही, इतरांशी लग्न नाही, केसांना वस्तरा लावायचा नाही. नव्या देवळात ते येतात तेव्हा आधी आलेले ख्रिस्तीच कुरकुर करतात. तिथला इग्बो धर्मशिक्षक कियागा त्यांना केस उतरवायला सांगतो आणि ते घाबरत का होईना, उतरवतात. आमच्या दापोलीपासून बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे फार लांब नाही, महाडचं तळंही याच मुलखातलं. गोऱ्याच्या धर्माकडं पहिल्यांदा कोण गेलं आणि का गेलं, हे इथं कोणाला शिकवायची गरज नाही. पूर्व नायजेरियात ही प्रथा कायद्यानं बंद व्हायला १९५६ साल उजाडलं. परक्या सत्तेनं घर मोडलं हे खरं आणि त्या घरात काहींना कधी शिरूच दिलं नव्हतं हेही खरं. अचेबे दोन्ही सांगतात, आणि तेही मिशनच्या एका धर्मशिक्षकाचा, कॅटेकिस्टचा मुलगा असून. बाप्तिस्म्याचं त्यांचं नाव अल्बर्ट होतं, राणी व्हिक्टोरियाच्या नवऱ्यावरून. कॉलेजात गेल्यावर त्यांनी ते टाकलं.

मग हे सगळं इंग्रजीत का लिहिलं? १९६२ साली युगांडात कंपालाच्या मकेरेरे कॉलेजात आफ्रिकी लेखक जमले, त्यानंतर हा वाद पेटला. अचेबेंचं म्हणणं असं की इंग्रजी माझ्या अनुभवाचं ओझं पेलेल, पण ती नवी इंग्रजी असावी लागेल. लिखित इग्बोबद्दलही त्यांच्या तक्रारी होत्या. मिशनऱ्यांनी १९१३च्या बायबलसाठी वेगवेगळ्या बोली एकत्र करून जी ‘युनियन इग्बो’ बनवली ती कोणाच्याच तोंडची नव्हती, असं ते शेवटपर्यंत सांगत राहिले. सूर बदलला की इग्बोत एकाच ‘अक्वा’चे रडणं, कापड, अंडं असे अर्थ होतात, आणि साध्या रोमन अक्षरांत तो सूर दिसत नाही. दुसऱ्या बाजूला केनियाचे लेखक न्गुगी वा थिओंगो, त्यांचं म्हणणं आफ्रिकी लेखकानं आपल्या मातृभाषेतच लिहावं. त्यांनी गिकुयू या आपल्या मातृभाषेत नाटक केलं म्हणून १९७७च्या शेवटच्या दिवशी त्यांना खटल्याविना तुरुंगात टाकलं, आणि तिथं त्यांनी टॉयलेट पेपरवर गिकुयूत कादंबरी लिहिली. लहानपणी त्यांच्या शाळेत मातृभाषा बोलताना सापडलेल्याला छड्या मिळत किंवा ‘मी गाढव आहे’ अशी पाटी गळ्यात अडकवत. हे मी वाचलं तेव्हा माझा भाचा आठवला. त्याच्या शाळेत मराठी बोललं की पाच रुपये दंड होता, आणि तो घरीसुद्धा आजोबांशी कमी बोलायला लागला होता. मी इंग्रजी शिकवून पोट भरते. न्गुगींचं म्हणणं मला टोचतं आणि टोचायलाच हवं. पण पडवीत बसून मला अचेबेंची बाजूही पटली. त्यांच्या इंग्रजीतून इग्बो माणूस थेट आमच्या बोलीत येऊन बसला, दुभाष्यानं मध्ये काही न खाता.

शेवटचं प्रकरण वाचलं त्या दिवशी पाऊस नव्हता. ओकोन्क्वोनं गळफास घेतलाय. आत्महत्या केलेल्याला आपल्या माणसांनी हात लावायचा नाही, म्हणून ओबिएरिका गोऱ्या कमिशनरच्या माणसांना प्रेत उतरवायला विनवतो. कमिशनर परत जाताना आपल्या नियोजित पुस्तकाचा विचार करतो. या माणसावर प्रकरण लिहिता येईल, नाही, एक बऱ्यापैकी परिच्छेद पुरे. पुस्तकाचं नावही त्यानं ठरवलंय, नायजर नदीच्या खालच्या मुलखातल्या रानटी टोळ्यांना शांत करण्याबद्दलचं.

मी पुस्तक मिटलं. बाबांनी विचारलं, “त्या परिच्छेदात त्याचं नाव घातलं का?”

मी परत उघडून बघितलं. कमिशनरच्या मनात फक्त ‘हा माणूस’ आहे. नाव नाही.

घेणाऱ्यांसाठी एवढंच: जुनी चालेल, पण स्वच्छ छापलेली प्रत घ्या, रस्त्यावरची स्वस्त नको. दीड-दोनशे पानांचं पुस्तक आहे, इंग्रजी सोपं आहे, बारावी झालेल्याला जड जाणार नाही. पहिली पन्नास पानं सणवारांत रेंगाळतात म्हणून सोडून देऊ नका, पुढं जे मोडतं ते तिथंच उभं केलेलं आहे. आणि घरात कोणी ऐकणारं असेल तर मोठ्यानं वाचा. माझ्याकडून पाचपैकी पाच, शब्दसूचीला वेगळे मार्क द्यायचे तर दोन.

पुढचं पुस्तक, ‘नो लाँगर अॅट ईज’, मागवलं आहे. बाबांनी विचारलं, त्याच्यात कोण आहे. म्हटलं, ओकोन्क्वोचा नातू, विलायतेत शिकून आलेला, मिशनमध्ये गेलेल्या त्याच्या पोराचा, न्वोयेचा मुलगा.

“म्हणजे न्वोयेचा संसार झाला,” बाबा म्हणाले. “बरं झालं. बापानं टाकल्यावर पोराचं काय झालं असेल, तेच डोक्यात होतं.”